पान एकसष्ट

विम्याची मुदत उद्या संपत होती, आणि विमा कंपनीला मॅन्युअलमधलं एकसष्टावं पान नको होतं.

तसं ते पान लहानसंच. फ्राइजच्या दुकानांसाठी लिहिलेल्या एकशे बारा पानांच्या त्या मॅन्युअलमध्ये कंपनीच्या संस्थापकांनी, म्हणजे अण्णांनी, बटाटा किती जाड चिरायचा यावर चार पानं खर्ची घातली होती, काउंटर पुसण्यावर तीन. माणसावर मात्र हे एकच, आणि त्यावर चार वाक्यं. "फ्रायरवरचा माणूस दर दोन तासांनी बदलावा. बदलल्यावर त्याला वीस मिनिटं बसवावं. बसल्याशिवाय पुन्हा उभं करू नये. गर्दी हे कारण धरलं जाणार नाही."

अडतीस दुकानांपैकी पाच कंपनीची स्वतःची होती. तिथं प्रश्न नव्हता. उरलेली तेहेतीस फ्रँचायझीवाल्यांची. पाटीवर नाव अण्णांचं, चव अण्णांची, पण दुकान त्यांचं आणि माणसंही त्यांनीच ठेवलेली. नव्या कायद्याचं म्हणणं असं की, दुसऱ्याच्या दुकानातल्या माणसानं किती वेळ उभं राहायचं आणि कधी टेकायचं हे जी कंपनी ठरवते, तीही त्या माणसाची मालक. म्हणजे तेहेतीस दुकानांत कुठंही कुणी घसरून पडलं, कुणाचा पगार लटकला, कुणाला रातोरात काढलं, की दावा सरळ इथं येणार. शेजारच्या शहरातली एक बेकरीची साखळी अशाच एका दाव्यापायी सहा महिन्यांत बंद पडली होती.

"चारशे माणसं," दादा म्हणाला. "चिमे, ज्यांना आपण ठेवलं नाही, ज्यांची तोंडं पाहिली नाहीत, अशी चारशे माणसं उद्यापासून आपल्या अंगावर. आणि पाठीशी विमा नाही."

चिमी ही अण्णांची लेक, दादाची धाकटी बहीण. ती सकाळच्या बॅचचे चिमटे मोजून ड्रॉवरमध्ये ठेवत होती. एक कमी होता. पहिल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं हे प्रशिक्षणाचं स्वयंपाकघर तिचं राज्य. अडतीस दुकानांत फ्रायरपुढं उभं राहणारा प्रत्येक जण आधी आठवडाभर तिच्या हाताखालून जायचा. म्हणून तर दादानं बैठक इथं घेतली होती. तिच्याच घरात येऊन तिला समजवावं, म्हणजे ती तुटेपर्यंत ताणणार नाही, असा त्याचा हिशेब असावा.

"आणि पानाबरोबर व्हिडिओही," वकीलबाई म्हणाल्या. कंपनीच्या या वकीलबाई मितभाषी होत्या, आणि वाईट बातमी हातातली फाइल बंद करून सांगायच्या. "सगळा नाही. अण्णा या नियमाबद्दल बोलतात तेवढाच भाग. चाळीस सेकंद असतील."

"बेचाळीस," धाकटी म्हणाली.

दर सोमवारी नव्या बॅचला ती तो व्हिडिओ दाखवायची. पडद्यावर अण्णा, मागं हाच फ्रायर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सतराव्या मिनिटाला ते हातातली तळणाची जाळी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, आता जरा माणसाचं बोलू. अण्णांना जाऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत सतराव्या मिनिटाला धाकटीला दर वेळी बाहेर काहीतरी काम निघायचं. पण दाराबाहेरूनही आवाज ऐकू यायचा, आणि तिला तेवढं पुरायचं.

"नाही," ती म्हणाली.

"हे बघ..."

"दादा, अण्णा बटाट्याचं चार पानं बोलतात. तेलाचं बारा. माणसाचं बेचाळीस सेकंद. तेवढंच कापायचं?"

"मला काय हौस आहे?" दादाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. पन्नाशीचा माणूस, कंपनीचा प्रमुख. पण अण्णांच्या केबिनमध्ये शिरताना अजून दारावर टकटक करायचा, हे धाकटीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "अण्णांनी ते पान लिहिलं तेव्हा दोन दुकानं होती. दोन्हींत रोज जायचे ते. आज तेहेतीस दुकानं त्यांच्या नावावर धंदा करतायत. नाव वाचवू की पान?"

"जावईबापू, तुम्ही बोला काहीतरी," आत्या म्हणाली.

जावईबापू म्हणजे धाकटीचा नवरा. घरात जावई आणि कागदावर फ्रँचायझीवाला. तीन दुकानं त्यांची. अशा बैठकांना ते नेहमी दाराजवळ उभे राहायचे, कुठल्याही बाजूनं निघून जाता यावं म्हणून. आत्ताही त्यांनी आधी बायकोकडं पाहिलं, मग दादाकडं, मग एक्झॉस्टच्या पंख्याकडं.

"मी काय बोलणार? मी दोन्हीकडचा आहे."

"हा बघा. कढईत पण पाय आणि झाकणावर पण पाय."

"आत्या, खरं सांगू? पान गेलं तर माझ्या दुकानांत काही बदलणार नाही. माझी माणसं बसतातच."

"म्हणजे तू दादाच्या बाजूनं," धाकटी म्हणाली.

"मी विम्याच्या बाजूनं आहे. विमा नसला तर परवा माझी तिन्ही दुकानं उघडता येणार नाहीत. मग माणसं घरी बसतील, वीस मिनिटं नाही, कायमची."

हे बोलणं तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. ती आत्याकडं वळली. आता आत्याच. कारण ते पान आत्याचं होतं, हे घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. सदतीस वर्षांपूर्वी पहिल्या दुकानात फ्रायरवर आत्या होती, अण्णांची धाकटी बहीण. मनगटापासून कोपरापर्यंत तिचा डावा हात भाजला, आणि महिनाभरात अण्णांनी ते पान लिहिलं. आज एकाहत्तराव्या वर्षीही तो हात ती लपवत नसे. नव्या बॅचसमोर येऊन, पुढं करून दाखवायची. म्हणायची, हा माझा राजीनामा, साहेबांनी नामंजूर केला.

"आत्या, तू सांग यांना."

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"काढा ते पान," ती म्हणाली.

दादासुद्धा गडबडला; जिंकण्याची तयारी त्यानं केलेली नव्हती.

"अगं, तुझं पान ते!" धाकटी म्हणाली.

"म्हणूनच सांगते. माझ्या हाताचं पुण्य किती वर्षं पुरवून खाणार? कागदावर लिहिलं म्हणून माणूस बसतो होय? पान लिहिल्यावर मी तरी किती वेळा बसले? गर्दी झाली की तुझा बाप स्वतःच म्हणायचा, आत्ता एवढी एक जाळी काढ. मग पान आठवलं की जीभ चावायचा. मी त्याच्या पानासाठी कधी बसले नाही. आधी बसायचे ती तेलासाठी."

"तेलासाठी कशी?" दादानं विचारलं.

"आता कशी म्हणजे? तेव्हा कुठं तुमचं ते मशीन होतं? दोन तासांनी तेल काळं पडायचं. मग गॅस बंद करायचा, तेल स्वस्थ ठेवायचं. गाळ खाली बसला की वरचं फडक्यातून गाळायचं. वीस मिनिटं तरी जायची. तेवढा वेळ मी आणि तुझा बाप मागच्या पायरीवर बसायचो. गिऱ्हाईक ओरडायचं, हा आतून ओरडायचा, तेल गाळतोय! कुणी काही बोलायचं नाही. तेलासाठी माणसं थांबतात रे. माणसासाठी नाही थांबत."

"मग?"

"मग काय, आपण शहाणे झालो. मशीन घेतलं. फ्रायर चालू असताना चार मिनिटांत तेल गाळतं, थांबायला नको. केवढा आनंद! पेढ्यांचा खर्च नको म्हणून त्यानं फ्राइज वाटल्या. आणि त्याच्या सहाव्या आठवड्यात माझा हात भाजला. नऊ तास उभी होते सलग. डुलकी लागली, बाकी काही नाही."

घरातल्या कथेप्रमाणे आत्याचा हात ओल्या बटाट्याच्या पाण्यानं तेल उडून भाजला होता. अण्णांनी तसंच सांगितलं होतं, आणि आत्यानं सदतीस वर्षं तसंच सांगू दिलं होतं.

"त्याला वाटायचं, मशीन त्यानं आणलं म्हणून माझा हात भाजला," आत्या म्हणाली. "वाटू दे. खरंच होतं ते. पण मागं जाऊन मशीन परत कसं देणार? म्हणून पान लिहिलं. आता वकीलबाई, तुम्ही फी तासावर घेता ना? मग आम्ही घरचं बोलतो तेवढा वेळ घड्याळ थांबवत जा."

वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. धाकटी मात्र हसली नाही. तिच्या हातात चिमटा होता तो तसाच राहिला.

"वकीलबाई, तेलाबद्दल कंपनी दुकानांना काय सांगू शकते?"

"काहीही. तेल, भांडी, चव, स्वच्छता. ते तुमच्या नावाचं रक्षण आहे, त्याला कायदा हात लावत नाही. फक्त माणसाला हात लावायचा नाही."

"दर दोन तासांनी सगळे फ्रायर बंद करून वीस मिनिटं तेल निवळू द्यायचं, मग गाळायचं. असं लिहिलं तर?"

खोलीत प्रत्येकाला ते वेगवेगळ्या वेळी समजलं. आधी जावईबापूंना, ते एकदम दारापासून पुढं आले. मग दादाला.

"वेड लागलंय का तुला? दुपारी एक वाजता वीस मिनिटं फ्राइज बंद? फ्राइज नसतील तर आपल्या दुकानात लोक काय पाटी बघायला येतील? सगळे फ्रँचायझीवाले माझ्या दारात मोर्चा आणतील!"

"आणि कारण खरं हवं," वकीलबाई म्हणाल्या. "माणसाला बसवण्यासाठी तेलाचं निमित्त केलंत, तर कोर्टात पहिल्या प्रश्नाला उघडं पडेल. तेलाला त्याची खरोखर गरज आहे का?"

"बघू या की," धाकटी म्हणाली. ही तिची जागा होती. इथं तिला कुणी हरवत नसे.

सकाळच्या बॅचचं तेल दोन्ही फ्रायरमध्ये होतं. एकातलं तिनं मशीननं गाळलं. टायमर चार मिनिटांनी वाजला. दुसरा बंद केला आणि वीस मिनिटांचा टायमर लावला. मग सगळे नुसते उभे. वीस मिनिटं किती लांब असतात हे त्या घरात कुणालाच आठवत नव्हतं. पाचव्या मिनिटाला दादानं फोन काढून परत ठेवला. आठव्याला आत्या म्हणाली, हात कुठं ठेवायचे ते कळेना झालंय बघ. बाराव्या मिनिटाला जावईबापूंनी कपाटामागून हरवलेला चिमटा शोधून काढला आणि काही न बोलता बायकोपुढं धरला. तिनं तो घेतला. इतक्या रागात असूनही तिला हसू आलं.

टायमर वाजल्यावर तिनं दुसरं तेल वरच्या वर फडक्यातून गाळलं. दोन्ही तेलं पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदावर ओतली. मशीनच्या तेलात काळे कण होते, मिरपुडीसारखे. दुसऱ्यानं कागद पिवळा झाला, एवढंच.

"वर्षभरात आपल्या दोन दुकानांना अन्न खात्याची नोटीस आली," ती म्हणाली. "कशासाठी, दादा?"

"तेलातल्या जळक्या गाळासाठी," दादा कागदाकडं बघत म्हणाला. मग त्यानं कागद उचलून उजेडाकडं धरला. "आयला."

"तोंड सांभाळ," आत्या म्हणाली.

"एका फ्रायरनंतर दुसरा बंद केला तर?" दादा अजून शेवटचा किल्ला लढवत होता. "म्हणजे फ्राइज चालू राहतील."

"नको," जावईबापू म्हणाले. "एकदम बंद. आळीपाळीनं केलं तर माणूस एकावरून दुसऱ्यावर पळेल. आणि..." ते थांबले, वकीलबाईंकडं पाहून बोलणं बदललं. "आणि चालू फ्रायरशेजारी गरम तेल गाळणं धोक्याचं आहे. हे खरं कारण आहे ना?"

"हे चालेल," वकीलबाईंनी लिहून घेतलं.

"वीस मिनिटांचं नुकसान तुमचंही आहे, जावईबापू. तीन दुकानं," दादा म्हणाला.

"आहे की. पण तेल जास्त दिवस जाईल. आणि माझे सगळे भाऊबंद तुमच्या दारात आले ना, तर सगळ्यात पुढं मी असेन आणि मीच त्यांना परत नेईन. मी त्यांच्यातला आहे, माझं ऐकतील. तुमचं नाही ऐकणार."

दादानं मेहुण्याकडं असं पाहिलं, जसं लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर आज पहिल्यांदा पाहत असावा. मग सहीसाठी पेन काढलं.

"एक गोष्ट मात्र स्पष्ट करते," वकीलबाई फाइल बंद करून म्हणाल्या, आणि धाकटीनं ओळखलं की आता वाईट बातमी आहे. "तेल निवळत असताना फ्रायरवरच्या माणसानं काय करायचं, हे त्या दुकानदाराचं. तो बसवेल किंवा भांडी घासायला लावेल. तुम्ही विचारायचं नाही, सुचवायचं नाही. ताई, विशेषतः तुम्ही. तुमचा शब्द म्हणजे कंपनीचा शब्द. आणि ते बेचाळीस सेकंद जायलाच हवेत."

धाकटीनं मान हलवली.

"त्याची एक प्रत घरी ठेवा," त्या जरा थांबून म्हणाल्या. "घरात कायदा येत नाही."

विमा कंपनीला पत्र साडेचारला गेलं. नवं पान धाकटीनं स्वतः लिहिलं. अण्णांसारखं थोडक्यात लिहायला तिला सहा कागद फाडावे लागले. व्हिडिओही तिनंच कापला. दादा म्हणाला, मी कुणाकडून तरी करून घेतो, तर ती म्हणाली, नको, परका हात नको. कापण्यासाठी तिला ते बेचाळीस सेकंद, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा, पडद्यासमोर बसून बघावे लागले. अण्णा म्हणाले, आता जरा माणसाचं बोलू. बोलले. मग जाळी उचलली. जोड तिनं इतका बेमालूम दिला की अण्णा आता तेलावरून सरळ मिठावर जायचे, मध्ये काही नव्हतंच असे.

मोर्चा आला नाही. बारा फोन आले, त्यातले चार शिवीगाळीचे, आणि त्या चौघांशी जावईबापूंनी बाहेर गॅलरीत जाऊन काय बोलणं केलं ते त्यांचं त्यांना माहीत.

तिसऱ्या आठवड्यात तेलाच्या तपासणीसाठी धाकटी बसस्टँडसमोरच्या दुकानात गेली. तिथला दुकानदार शिस्तीचा. माणूस पाणी प्यायला गेला तरी घड्याळ बघणारा. त्यानं तिला आत नेलं तेच कुरकुरत. "मॅडम, आत्ता दोन बसेस लागल्यात. बघा बाहेर रांग. आणि आमचं तेल समाधी लावून बसलंय."

बाहेर काउंटरवर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी लावली होती: तेल गाळणं चालू आहे, वीस मिनिटं. रांग होती, पण रांगेतली माणसं पाटी वाचून फोन बघत उभी होती. एक जण निघून गेला. बाकीचे राहिले.

फ्रायरवर एक चाळिशीची बाई होती. धाकटीला ती आठवली. जानेवारीच्या बॅचमधली, अण्णांचा पूर्ण व्हिडिओ पाहिलेली. फ्रायर बंद होता, म्हणून तिनं ओटा पुसला. मग पुसलेलाच पुन्हा पुसला. मग फडकं हातात घेऊन उभी राहिली आणि दुकानदाराकडं पाहिलं.

दुकानदारानं घड्याळ पाहिलं. मग बाईकडं, मग धाकटीकडं.

"मॅडम, तेल निवळेपर्यंत हिनं काय करायचं? कंपनीचं काय म्हणणं आहे?"

सरळ विचारलं होतं त्यानं, काही आडपडदा नव्हता. एक शब्द पुरला असता. तो शब्द धाकटीच्या जिभेवर आला, बापाच्या आवाजात आला, आणि तिनं तो गिळला.

"कंपनीचं म्हणणं तेलाबद्दल आहे," ती म्हणाली. "माणसाबद्दल कंपनीला काही म्हणायचं नाही."

बाईचा चेहरा किंचित पडला. दुकानदार मान खाजवत उभा राहिला. आता त्याला सांगायला कुणीच नव्हतं.

धाकटी वळली, त्या दोघांकडं पाठ करून फ्रायरपुढं वाकली आणि तेल बघू लागली. तेलात बघण्यासारखं फार नव्हतं. कण सावकाश खाली चालले होते. ती बघत राहिली. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. मागं दुकानदार स्वतःशीच पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलला, आणि मग फरशीवरून प्लास्टिकचा क्रेट ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी लांब श्वास सोडला.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. टायमर वाजेपर्यंत पाठ तशीच ठेवली. मग तपासणीचा फॉर्म ओट्यावर ठेवून तिनं त्यात लिहिलं: तेल गाळलं. वीस मिनिटं पूर्ण.